झोपवायचं राहू द्या, आधी उठवायचं बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की राहायला पुण्यात, मुलगा 10 वर्षांचा, मुलगी 4 वर्षांची, आणि सुट्टी लागल्यापासून दोघं रात्री साडेबाराला झोपतात नि सकाळी दहाला उठतात. गेले आठ दिवस तुम्ही दहाच्या ठोक्याला दिवे बंद करून बघताय तर दोन दोन तास नुसतं लोळणं, पाणी हवंय, शू आलीये, मग रडारड, मग तुमचा आवाज चढतो आणि बाहेरून सासूबाई म्हणतात, "अगं सुट्टीत तरी राहू दे की त्यांना." आणि विचारलंय की सुट्टीत मुलांना नक्की किती वाजता झोपवावं, दुपारची झोप बंद करू का, आणि शेवटी अगदी भीतभीत, आयपीएलची फायनल बघू देऊ का.

मी बालरोगतज्ज्ञ, सांगलीत 23 वर्षं प्रॅक्टिस करतेय. मे महिन्यात घामोळं आणि जुलाबाच्या बरोबरीने हा प्रश्न ओपीडीत येतो, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तोच प्रश्न "डॉक्टर याचं सकाळी पोट दुखतंय" असा वेश घालून परत येतो.

आधी एक सांगते. तुम्ही जो प्रश्न विचारलाय तो तुमचा खरा प्रश्न नाहीये. मधेच एका वाक्यात तुम्ही लिहून गेलात की मुलगा यंदा पाचवीत जाणार, शाळा आता सकाळची, 16 जूनला सुरू, व्हॅन 6:35 ला. अडचण तिथे आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढला होता की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून, त्याच्या आधी डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे हा विषय काढला होता. सगळ्या शाळांनी तो मनापासून पाळलाय असं नाही पण तुमच्या मुलाच्या शाळेने पाळला, त्यामुळे तो आत्तापर्यंत आरामात साडेसातला उठत होता. पाचवी मात्र त्या नियमात येत नाही. म्हणजे दरवर्षीसारखं "शाळा सुरू झाली की आपोआप होईल रुळावर" हे यावेळी चालणार नाही, कारण त्याला जुन्या वेळेवर परत जायचंच नाहीये, त्याच्याही बरंच आधी उठायचंय.

हिशोब करून बघू. 6:35 ची व्हॅन म्हणजे 5:50 ला उठणं आलं. आत्ता तो साडेबारा ते दहा झोपतो म्हणजे साडेनऊ तास, आणि तेही कुणी न उठवता, म्हणजे त्याच्या शरीराची गरज साधारण तेवढी आहे (या वयाला 9 ते 12 तास सांगतात, 4 वर्षांच्या मुलीला दुपारची धरून 10 ते 13, त्यामुळे दोघंही अगदी नॉर्मल आहेत). आता 5:50 मधून साडेनऊ तास मागे गेलात तर रात्रीचे 8:20 येतात. पुण्यातल्या नोकरदार घरात 8:20 ला मूल झोपणं हे मला माहितीये काय असतं, माझ्याही घरात कधी झालं नाही. तेव्हा आपण पावणेनऊ-नऊ धरू, थोडी झोप कमी पडेल, ती रविवारी तासभर जास्त झोपून आणि शाळेतून आल्यावर अर्धा तास आडवं होऊन भरून काढता येते. पण साडेबारावरून नऊ, आणि दहावरून 5:50, हा जवळजवळ चार तासांचा प्रवास आहे. परदेशातून आलेल्या माणसाला जसे चार-पाच दिवस रात्री टक्क जाग असते नि दुपारी पेंग येते तसंच हे, फक्त विमानात न बसता.

आता तुमची दहा वाजताची लढाई का हरतेय ते.

आपल्याला वाटतं की झोप हळूहळू चढत जाते, संध्याकाळी थोडी, नऊला जास्त, दहाला अजून जास्त. तसं होत नाही. रोज साडेबाराला झोपणाऱ्या मुलाचं शरीर त्याच्या आधीचे दोन-तीन तास उलट सगळ्यात तरतरीत असतं, शरीराचं आतलं घड्याळ त्या वेळात जागं राहायचा जोर लावतं. तुम्हीही अनुभवलं असेल, सात-आठला पेंगुळलेलं पोर दहाला अचानक उड्या मारायला लागतं, आई म्हणते "आता कुठून एवढी ताकद आली." तिथूनच आली. म्हणजे तुम्ही त्याला बरोबर त्याच वेळेला अंथरुणावर टाकताय जेव्हा त्याला झोप येणं सगळ्यात अवघड आहे. तो नाटक करत नाहीये. आणि आठ दिवस रोज दोन तास गादीवर जागं पडून भांडण झालं की गादी म्हणजे भांडायची जागा असं डोक्यात बसतं, मग खरी झोप आली तरी गादीवर गेल्यावर उडते. म्हणून पहिली गोष्ट, आज रात्रीपासून दहाची सक्ती बंद करा. हे ऐकून सासूबाई खूश होतील, होऊ द्या, त्यांना पुढे दुसरं काम द्यायचंय.

रात्रीची वेळ आपल्या हातात नसते, सकाळची असते. कुणालाही जबरदस्तीने झोपवता येत नाही पण उठवता येतं. आणि शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. उठल्याबरोबर डोळ्यात उजेड गेला की ते घड्याळ म्हणतं, बरं, दिवस इथून सुरू, आणि त्या हिशोबाने रात्रीची झोपही अलीकडे सरकवतं. दहापर्यंत पडदे लावून, वर कूलरची घरघर, अशा अंधारात मुलं झोपली की सहा ते दहामधला सगळा चांगला उजेड फुकट जातो, आणि रात्री बाराला लख्ख ट्यूबलाइट, म्हणजे घड्याळाला दोन्हीकडून उलटा निरोप. माणसाचं हे घड्याळ मुळातच बहुतेकांचं 24 तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा सरकणं सोपं, आपोआप होतं, सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात होऊनही जातं. अलीकडे आणायला मात्र रोज थोडं ओढावं लागतं.

तर असं करा. पुढचे तीन-चार दिवस दोघांना अनुक्रमे साडेनऊ, नऊ आणि मग साडेआठला उठवा, आणि मे संपेपर्यंत साडेआठवरच ठेवा. सुट्टी आहे, साडेआठ मला चालतं. रात्री ती साधारण अकराच्या आसपास झोपायला लागतील, त्याला पाच-सहा दिवस लागतील, मधले दोन दिवस दुपारी किरकिर असेल ती सोसा. मग 1 जूनला 8:10, 3 ला 7:50, 5 ला साडेसात, 7 ला 7:10, 9 ला 6:50, 11 ला साडेसहा, 13 ला 6:10 आणि 15 ला 5:50. दर दोन दिवसांनी वीस मिनिटं. 16 ला शाळा. एखादा दिवस चुकला, लग्नाला गेलात, ताप आला, तर तीच पायरी परत करा, उडी मारून भरून काढायला जाऊ नका. मुलीची शाळा नऊची आहे म्हणालात, तिला सातवर थांबवलंत तरी चालेल.

उठवणं म्हणजे "ऊठ रे ऊठ" असं स्वयंपाकघरातून ओरडणं नव्हे, हे मी हात जोडून सांगते. पडदे उघडा, पंखा बंद करा, आणि उठल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत त्याला घराबाहेर काढा. गच्ची, सोसायटीचं मैदान, दूध आणायला, कुत्र्याला फिरवायला, काहीही. घरातला दिवा आपल्याला झगझगीत वाटतो पण बाहेरचा उजेड, अगदी ढगाळ सकाळचासुद्धा, घरातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, डोळा सावरून घेतो म्हणून आपल्याला कळत नाही. अर्धा तास बाहेर. हे काम मी सासूबाईंना देते, किंवा आजोबा असतील तर त्यांना. "सकाळी नातवाला घेऊन फिरायला जा" म्हटलं की आजी-आजोबा एकदम आपल्या बाजूचे होतात, "मुलांना शिस्त लावा" म्हटलं की विरोधी पक्षात जातात, हा 23 वर्षांचा अनुभव आहे.

सासूबाईंचं एक मात्र अगदी बरोबर आहे. सुट्टी लागते तेव्हा मुलं झोपेच्या उधारीत असतात, परीक्षा, प्रोजेक्ट, स्नेहसंमेलन असं सगळं झालेलं असतं. पहिले चार-पाच दिवस मी आयांना सांगते की मनसोक्त झोपू द्या. सुट्टीत शाळेपेक्षा तास-सव्वा तास उशीर झाला तर काही आकाश कोसळत नाही, आठवडाभराने परत येतं. तुमच्याकडे उधारी फिटून वर तीन आठवडे झालेत एवढंच.

त्यांना आणि तुम्हालाही एक दिलासा. तुम्ही लिहिलंय की रात्री दहाच्या आत झोपलं नाही तर उंची खुंटते असं कुठेतरी वाचलंत. उंची वाढवणारं संप्रेरक गाढ झोपेत जास्त सुटतं आणि गाढ झोप झोपेच्या पहिल्या काही तासांत जास्त असते, इथपर्यंत खरं आहे. ते भिंतीवरचं घड्याळ बघून सुटत नाही. पोर साडेबाराला झोपून दहापर्यंत शांत झोपलं तर महिनाभरात त्याची उंची कुठे जात नाही. पण साडेबाराला झोपून 5:50 ला उठायला लागलं, जे 16 जूनला होणार आहे, तर सगळ्याच गोष्टींवर परिणाम होतो, चिडचिड, अभ्यासात लक्ष, पोटदुखी, सर्दी-खोकला. मला काळजी त्या तारखेची आहे, मेची नाही.

दुपारची झोप. इथे प्रत्येक घराचं वेगळं असतं. झोपेची भूक असते असं समजा, जागं राहिलं की ती वाढत जाते आणि झोपलं की भागते. संध्याकाळी सहाला भरपेट भेळ खाल्लेलं मूल साडेआठला जेवायला मागत नाही, तसंच साडेपाचला उठलेली मुलगी नऊला झोप मागणार नाही. तुमची मुलगी तीन ते साडेपाच झोपते. दीड ते अडीच झोपली तर बिनधास्त झोपू द्या. 4 वर्षांच्या काही मुलांना दुपारची झोप लागतेच, काहींची सुटलेली असते आणि आईला सुटू नये असं वाटतं कारण तेवढाच तिला वेळ मिळतो (यात चूक काही नाही, मीही तशीच झोपवलीत). परीक्षा सोपी आहे. दुपारी झोपूनही ती रात्री तुम्हाला हवं तेव्हा वीस मिनिटांत झोपत असेल तर झोप ठेवा. रात्री तासभर लोळत असेल तर आधी दुपारची झोप अलीकडे आणा, मग एक तासावर आणा, तरी नाही जमलं तर बंद करा आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण सातला द्या कारण साडेसातनंतर ती ताटातच पेंगणार. मुलगा 10 वर्षांचा आहे, त्याला सुट्टीत दुपारी झोपवू नका. उन्हामुळे बाहेर सोडता येत नाही म्हणून झोपवतात, त्याऐवजी पत्ते, कॅरम, आंबे पुसून आढीत लावायचं काम, काहीही द्या.

आणि दुपारच्या झोपेपेक्षा वाईट म्हणजे संध्याकाळी सातची गाडीवरची डुलकी. बाजारातून येताना मुलगी स्कूटरवर तुमच्या आणि सामानाच्या मध्ये दहा मिनिटं झोपते, घरी आल्यावर "किती गोड झोपलीये" म्हणून अजून वीस मिनिटं सोफ्यावर राहू देतात, की रात्रीचे दीड तास गेले. संध्याकाळची कामं तिच्यासकट उरकायची असतील तर सहाच्या आत उरका नाहीतर गाणी म्हणत घरी या.

आता जेवण, आणि इथे मला तुमच्या घरात जरा नाक खुपसावं लागणार. तुम्ही लिहिलंय की मुलांचे बाबा साडेनऊला येतात, मग सगळे एकत्र जेवता, दहाला जेवणं, मग बाबांबरोबर मस्ती. माझ्याकडे "मूल झोपत नाही" म्हणून येणाऱ्या घरांमध्ये निम्म्याहून जास्त वेळा मूल व्यवस्थित असतं, घराचंच जेवण उशिराचं असतं. मूल बिचारं घराबरोबर चालतंय. दिवसभर न दिसलेला बाप साडेनऊला दारात उभा राहिल्यावर कुठलं पोर झोपेल? मी तरी नसते झोपले. याला उपाय बाबांना लवकर यायला सांगणं हा नाही, ते त्यांच्या हातात असतं तर आलेच असते. बाबांचा वेळ सकाळी न्या. ती सकाळची अर्ध्या तासाची बाहेरची फेरी शनिवार-रविवारी आणि जमेल त्या दिवशी बाबांनी करायची, सायकल, बॅडमिंटन, कोपऱ्यावर पोहे, जे काय असेल ते. मुलांना बाबा हवा असतो, तो रात्रीच हवा असं काही नसतं. जेवण मुलांचं आठला, तुमचं दोघांचं नंतर. पहिले काही दिवस घराला हे फार कोरडं वाटेल, एकत्र जेवायची सवय मोडली म्हणून सासूबाईंना वाईटही वाटेल, तर रविवारी दुपारचं जेवण सगळ्यांनी पंगतीला बसल्यासारखं एकत्र करा.

हे मी फार शहाणपणाने सांगतेय असं वाटेल म्हणून माझंच सांगते. माझा मुलगा सहावीत होता तेव्हा मी ओपीडीत आयांना हेच सगळं समजावत होते आणि क्लिनिक बंद करून रात्री साडेनऊला घरी जात होते, मग गरम पोळ्या, मग गप्पा, मग झोपायला बारा. सुट्टीभर. शाळा सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी त्याच्या डायरीत बाईंचा शेरा आला, "दुसऱ्या तासाला बाकावर झोपतो, घरी झोप पुरी होते का पाहावे." खाली पालकांची सही मागितलेली. मी सही केली, शिक्का नाही मारला एवढंच. त्यानंतर संध्याकाळची ओपीडी अर्धा तास अलीकडे आणली, पेशंट कुरकुरले, मग सवय झाली.

दिवे आणि मोबाइलचं थोडक्यात. जेवण झालं की हॉलमधली ट्यूब बंद, एखादा पिवळा लहान दिवा चालू. लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त उजेड आत जातो, त्यामुळे रात्रीच्या लख्ख दिव्याचा परिणाम त्यांच्यावर आपल्यापेक्षा जास्त होतो. मोबाइलला नाइट मोड लावला की झालं असं पुष्कळ आयांना वाटतं, माझं मत असं की पिवळ्या स्क्रीनवरसुद्धा "अजून एकच एपिसोड" तेवढाच गोड लागतो, त्रास उजेडापेक्षा त्या एपिसोडचा जास्त आहे. झोपायच्या तासभर आधी बंद, आणि चार्जिंगला स्वयंपाकघरात, तुमचा पण. हे तुमच्यासाठी जास्त अवघड आहे, कल्पना आहे.

उकाडा हा खरा शत्रू. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि वरच्या मजल्यावरच्या घरात रात्री अकरापर्यंत स्लॅब तापलेला असतो. संध्याकाळी कोमट पाण्याने आंघोळ घाला, गार नको, कोमटने अंगावरच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि उष्णता बाहेर जाते. सुती बनियन, ओलं फडकं खिडकीला, मच्छरदाणी. गच्चीवर झोपायची सोय असेल आणि कठडा नीट असेल तर त्यासारखं औषध नाही, पहाटे उजेडाने आपोआप जागही येते. तुमच्यासारखा प्रश्न कुणी नागपूर-अकोल्याकडून वाचत असेल तर त्यांनी माझ्या वेळा जशाच्या तशा घेऊ नयेत. तिकडे रात्री अकरापर्यंत घर निवत नाही, दुपारी बाहेर पडणं शक्यच नाही, तेव्हा दुपारची झोप आणि थोडं उशिरा झोपणं हे तिथल्या हवेला धरूनच आहे. शाळाही तिकडे आठवडाभर उशिरा उघडतात, आणि मेअखेर सूर्य साडेपाचच्या आसपासच उगवतो, मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी, म्हणजे सकाळचा उजेड त्यांना लवकर मिळतो, त्याचा फायदा घ्यावा.

आजोळी जाणार असाल तर खुशाल जा, माझं तर म्हणणं आहे की जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जा. कोकणात किंवा गावाकडे मुलं पहाटेच उठतात, गडग्यावर माकडं आलेली असतात, आंबे पडलेले असतात, कुणी उठवायला लागत नाही, आणि दिवसभर बाहेर हुंदडून रात्री साडेनऊला जेवता जेवता आडवी होतात. गेल्या कित्येक वर्षांत मी बघितलंय, आजोळी मूल आठवड्यात रुळावर येतं आणि तिथून परत आणून फ्लॅटमध्ये ठेवलं की चार दिवसांत घसरतं. त्यामुळे आजोळहून परतल्यावर शाळेला दोन-तीन दिवसच उरतील असं बघा. फक्त परतीचा प्रवास रात्रीच्या गाडीने करून दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत झोपवून ठेवू नका, सगळं केलेलं त्यात जातं.

चहा, कोल्ड कॉफी, कोला दुपारी तीननंतर नको. सुट्टीत पाहुण्यांबरोबर मुलांनाही अर्धा अर्धा कप चहा मिळतो तो लक्षात येत नाही.

औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल म्हणून. झोपेच्या गमी म्हणजे चघळायच्या गोळ्या मिळतात हल्ली, मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या, फळांच्या चवीच्या, त्या स्वतःच्या मनाने देऊ नका. काही मुलांना, ऑटिझम (स्वमग्नता) किंवा एडीएचडी (अतिचंचलपणा) असलेल्यांना, आम्ही विचार करून, डोस ठरवून, वेळ ठरवून देतो, तुमच्या मुलांना त्याची गरज नाही. सर्दीचं गुंगी आणणारं सिरप "आजच्या दिवस" म्हणून तर अजिबात नको. आणि जायफळ. सासूबाई जायफळ उगाळून देतात म्हणालात. श्रीखंडात, दुधात चवीपुरतं असतं तेवढ्याने काही होत नाही, पण झोप येत नाही म्हणून वेढे वाढवत नेऊ नका, जास्त जायफळ विषारी असतं, मळमळ, धडधड, भ्रम होऊ शकतो, लहान मुलीला तर नकोच.

काही मुलांचं मात्र वेळापत्रकाने भागत नाही. बहुतेक रात्री घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, झोपेत श्वास मधेच थांबून दचकत असेल तर नाकामागच्या गाठी आणि टॉन्सिल बघायला हवेत. संध्याकाळी अंथरुणावर पडल्यावर पाय वळवळतात, "आई पाय दाब" असं रोजच म्हणतो, तर रक्तातलं लोह आणि फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, आपल्याकडच्या मुलांमध्ये लोह कमी असणं सर्रास आहे आणि ते भरून काढल्यावर झोप सुधारलेली मी भरपूर मुलं पाहिलीत. पुरेसे तास झोपूनही दिवसा पेंगत असेल किंवा बंद झालेलं गादी ओली करणं परत सुरू झालं असेल तर जवळच्या डॉक्टरांना दाखवा. यातलं काही नसेल तर दाखवायची गरज नाही, फी वाचेल.

घरात 14-15 वर्षांचं कुणी असेल, पुतण्या वगैरे, तर त्याला हेच वेळापत्रक लावायला जाऊ नका. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, अकराच्या आधी झोप न येणं हा त्याचा आळस किंवा उद्धटपणा नसतो. आणि तुमच्या मुलाने "दादा जागतो मग मी का नको" म्हटलं तर "तुला 5:50 ला उठायचंय, त्याला नाही" एवढंच उत्तर, तत्त्वज्ञान नको.

पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाटेल की काहीच होत नाहीये. साडेआठला उठवलं तरी रात्री बारालाच झोपतायत, दिवसभर चिडचिड, सगळे तुमच्याकडे बघतायत की हिचाच हट्ट. त्या आठवड्यात सकाळची वेळ सोडू नका आणि रात्रीची धरू नका. रात्री त्याला पुस्तक घेऊन गादीवर पडू द्या, गप्पा मारा, गोष्ट सांगा, झोप कधी यायची तेव्हा येऊ दे. पाचव्या-सहाव्या दिवशी कधीतरी तो पुस्तक छातीवर ठेवून साडेदहाला झोपलेला सापडेल, तेव्हा फोटो काढायला फ्लॅश मारू नका.

आता फायनल. मॅच साडेसातला सुरू होते आणि संपायला साडेअकरा तरी वाजतात, वर बक्षिसं, फटाके, धोनी काय म्हणाला ते. 10 वर्षांच्या पोराला तुम्ही दुसरी इनिंग बघू दिली नाहीत तर तो ते स्वतःच्या लग्नात सुद्धा काढेल. बघू द्या, सगळ्यांनी मिळून बघा, भडंग-चिवडा करा. मुलीला नेहमीच्या वेळेला आतल्या खोलीत झोपवा, तिला कोण जिंकलं याच्याशी काही देणंघेणं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कितीही मऊ चेहरा करून झोपलेला दिसला तरी, त्या दिवशीची जी वेळ असेल त्या वेळेला उठवा.